फ्लॉरेन्सहून रोमला जाताना मोन्तेपुल्चानोला एक रात्र थांबायचं आहे. सोबत आई-बाबा (दोघेही शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात). काय पाहावं, काय खावं, वाइन कुठे चाखावी?

एक रात्र थांबताय हे उत्तम. हे गाव दिवसाच्या सहलीत उरकणाऱ्यांची गर्दी साधारण अकरा ते पाच असते. त्याआधी आणि त्यानंतर गल्ल्या मोकळ्या असतात.

आधी पोहोचायचं कसं ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फजिती होते. नकाशावर ‘मोन्तेपुल्चानो’ नावाचं रेल्वे स्टेशन दिसतं. त्याचं तिकीट काढू नका. ते स्टेशन खाली सपाटीवर, गावापासून जवळजवळ दहा किलोमीटरवर आहे. तिथे गाड्या थोड्या, पुढची बस त्याहून थोडी आणि टॅक्सी उभी नसते. तुम्ही उतरा क्यूझी-क्यांचानो तेर्मे या स्टेशनवर. फ्लॉरेन्स ते रोम या जुन्या मार्गावर ते येतं आणि साध्या रेजोनाले (प्रादेशिक) गाड्या तिथे थांबतात. दोन्ही शहरांपासून दीड ते दोन तास धरा. स्टेशनबाहेरच मोन्तेपुल्चानोची बस मिळते, तिला पाऊण-एक तास लागतो. बसचं तिकीट चढण्याआधी स्टेशनजवळच्या बारमधून किंवा ‘ताबाक्की’ अशी पाटी असलेल्या दुकानातून घ्या. रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच गाडीत बसा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.

रविवारी आणि सणासुदीला बस जवळपास नसल्यातच जमा. तुमचा मुक्काम शनिवार-रविवार असेल तर क्यूझीहून टॅक्सी आदल्या दिवशीच हॉटेलमार्फत ठरवून ठेवा. अंतर वीस-बावीस किलोमीटर आहे, अर्ध्या तासाचा रस्ता.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो भारतातून निघण्याआधीच आरटीओतून काढून ठेवा. गावाच्या वेशीच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. ‘झेड-टी-एल’ अशी पाटी आणि लाल कडा असलेलं पांढरं वर्तुळ दिसलं की गाडी पुढे घालायची नाही. कॅमेरा नंबर टिपतो, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडी देणारी कंपनी कागदपत्रांचं शुल्क वेगळं कापते. हॉटेल वेशीच्या आत असेल तर त्यांना गाडीचा नंबर आधी कळवा. ते नोंद करून देऊ शकतात. पार्किंगमध्ये निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे ती जागा आपली नव्हे. आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने वाइन चाखायची ती थुंकूनच. इटलीत रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

आता बाबांच्या गुडघ्यांबद्दल. मोन्तेपुल्चानो एका लांबट डोंगरधारेवर वसलंय, सगळ्यात वरचा भाग सहाशे मीटरच्या आसपास आहे. खालची वेस म्हणजे पोर्ता आल प्रातो. तिथून मुख्य रस्ता, ज्याला सगळे नुसतं ‘कोर्सो’ म्हणतात, वळसे घेत वरच्या चौकापर्यंत चढतो. चढ एकसारखा आहे, मध्ये सपाटी अशी नाहीच. बहुतेक लोक खालून वर चालत जातात, अर्ध्यात दमतात आणि वरच्या चौकात पोहोचल्यावर पाहायची इच्छाच उरत नाही. तुम्ही उलटं करा. वेशीपासून गावातली छोटी बस थेट वरच्या चौकात, प्यात्सा ग्रांदेत, नेऊन सोडते. तिने वर जा आणि पाहत पाहत उतरा. उतारालाही दगडी फरशी गुळगुळीत झालेली आहे, पाऊस पडला की ती निसरडी होते. रबरी तळव्याचे बूट हवेतच. चाकांच्या मोठ्या बॅगा या रस्त्यांवर ओढणं शिक्षाच आहे. म्हणून हॉटेल पोर्ता आल प्रातोच्या आसपास घ्या. वरच्या चौकातलं दृश्य सुंदर असलं तरी तुमच्या मंडळींना खालची जागाच सोयीची.

प्यात्सा ग्रांदे सकाळी नऊच्या सुमारास पाहा. नगरपालिकेच्या इमारतीचा दर्शनी भाग पंधराव्या शतकात मिकेलोत्सो या वास्तुकाराने रचला. फ्लॉरेन्सचा पालात्सो वेक्यो पाहून आलात की ही त्याचीच धाकटी प्रत वाटेल आणि ते मुद्दामच आहे, कारण हे गाव फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली होतं. चौकातल्या विहिरीवरही तीच खूण सापडते. १५२० च्या या विहिरीच्या माथ्यावर फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याचं चिन्ह धरून सिंह आणि ग्रिफिन (गरुडाचं डोकं, सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी) बसलेत. सिंह फ्लॉरेन्सचा, ग्रिफिन मोन्तेपुल्चानोचा. नगरपालिकेच्या मनोऱ्यावर तिकीट काढून जाता येतं. निरभ्र दिवशी वाल दोर्चाच्या टेकड्या आणि पलीकडे त्रासिमेनो तळं दिसतं. पण जिना अरुंद आणि उभा आहे. बाबांना खाली बसवून तुम्ही जाऊन या.

याच चौकातलं कॅथेड्रल बाहेरून अपुरं आहे, दर्शनी भिंतीला संगमरवर कधी चढलाच नाही. त्यामुळे बरेच जण दारातूनच परततात. तुम्ही मात्र आत जा. मुख्य वेदीवर तादेओ दी बार्तोलोने १४०१ मध्ये रंगवलेलं मरियेच्या स्वर्गारोहणाचं तीन भागांचं भव्य चित्र आहे. खाली रिकाम्या कबरीभोवती येशूचे शिष्य जमलेत, कोणी वर पाहतंय, कोणी कबरीत डोकावतंय. त्यांत एकच चेहरा सरळ आपल्याकडे पाहतो. तो शिष्य तादेओ, आणि चित्रकाराने त्याला स्वतःचा चेहरा दिलाय असं मानतात. तो शोधण्यासाठी दहा मिनिटं द्या, आईबाबांनाही मजा येईल. देवळं दुपारी बंद होतात, म्हणून हे सकाळीच.

उतरताना कोर्सोवर काफे पोलित्सियानोत कॉफी घ्या. १८६८ पासूनची जागा आहे, मागच्या बाजूने वाल दी क्यानाचं मैदान दिसतं. उभ्याने प्यायलेली कॉफी स्वस्त पडते, बसून प्यायलेली महाग. ही इटलीभरची रीत आहे, पण इथे बसायचे पैसे वसूल होतात. आणखी खाली सान्त अगोस्तिनो चर्चसमोरच्या मनोऱ्यावर पुल्चिनेल्ला या लोकनाट्यातल्या विदूषकाचा पुतळा तासाचे टोले देतो. वेशीच्या थोडं अलीकडे पालात्सो बुचेल्ली लागतं. त्याच्या भिंतीचा खालचा भाग नीट पाहा, तिथे एत्रुस्कन (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या) लोकांच्या रक्षापात्रांचे कोरीव दगड आणि लॅटिन शिलालेख ओळीने बसवलेत. अठराव्या शतकातल्या एका हौशी मालकाने आपला संग्रह असा घराच्या पायातच लावून टाकला. कमरेइतक्या उंचीवर आहेत, तरी लोक वर पाहत पुढे निघून जातात.

सान ब्याजो हे थोरल्या अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराचं चर्च गावाच्या बाहेर, खाली, हिरवळीवर एकटं उभं आहे. बांधकाम १५१८ मध्ये सुरू झालं. माझ्या मते इथली सगळ्यात देखणी वास्तू हीच. चारही बाजू सारख्या लांबीच्या, मध्ये घुमट, दोन मनोऱ्यांपैकी एकच पूर्ण झालेला. उन्हं उतरताना त्याचा ट्रॅव्हर्टिन दगड मधाच्या रंगाचा होतो, म्हणून संध्याकाळी जा. चालत उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण परतीचा चढ छातीवर येतो. तुम्ही टॅक्सीनेच जा-ये करा.

आता जेवण. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद असतात. तीन वाजता भूक लागली तर कोरडं सँडविच मिळेल, एवढंच. रात्रीचं टेबल आधी राखून ठेवा. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ (टेबलावर बसण्याचा आकार) लागतो, ती फसवणूक नव्हे. टिप देणं बंधनकारक नाही.

इथला पदार्थ म्हणजे पीची. मैदा, पाणी, थोडं तेल यांचं पीठ मळून एकेक धागा तळहाताने पाटावर वळतात. आपल्या हातशेवयांचा जाडजूड भाऊ म्हणा. हाताने वळलेली असल्याने जाडी कमीजास्त असते आणि त्यामुळेच सॉस तिला धरून राहतो. चावायला घट्ट लागली म्हणजे कच्ची राहिली असं समजू नका. शाकाहारींसाठी तीन प्रकार आहेत. पहिला ‘आल’आल्योने’. आल्योने हा वाल दी क्यानातला राक्षसी आकाराचा लसूण, वास आणि तिखटपणा अगदी सौम्य. तो तेलात मंद आचेवर लाल न होऊ देता विरघळवतात, मग टोमॅटो आणि थोडी मिरची. आपल्या जिभेला हा सगळ्यात जवळचा. दुसरा ‘काच्यो ए पेपे’, म्हणजे चीज आणि मिरपूड. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना हाच चालेल. तिसरा ‘आल्ले ब्रिचोले’, शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून घातलेला. यात कधी कधी अँकोव्ही मासा असतो, म्हणून ‘सेंत्सा आच्युगे’ असं सांगून ठेवा. काही ठिकाणी पिठात अंडंही घालतात. अंडं चालत नसेल तर ‘सेंत्सा उओवो?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

सूप मागवताना सावध राहा. रिबोल्लिता म्हणजे काळा कोबी, पांढरे घेवडे आणि शिळा पाव यांचं घट्ट सूप, दिसायला पूर्ण शाकाहारी. पण पाणी मांसाचं असू शकतं, डुकराची चरबीही पडते. ‘ब्रोदो दी कार्ने?’ असं विचारा. ‘क्रोस्तीनी नेरी’ कोंबडीच्या काळजाचे असतात, ते टाळा. पेकोरिनो चीज शेजारच्या प्येंत्साचं, फार चांगलं, मधाबरोबर देतात. मात्र ते घट्ट करायला बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. कडक शाकाहारींनी ‘काल्यो वेजेताले’ असलेलं मागावं. पाव अळणी लागेल. तोस्कानात (म्हणजे टस्कनीत, या सगळ्या प्रांतात) पावात मीठ घालत नाहीत, चूक झालेली नसते.

तुमच्यापैकी कोणी मांसाहारी असेल तर ‘बिस्तेक्का आल्ला फियोरेंतिना’ची इथे फार प्रतिष्ठा आहे. हे क्यानिना जातीच्या गायीचं मांस, ज्यांना चालत नाही त्यांना आधीच कळलेलं बरं. किंमत किलोवर लावतात, एक तुकडा साधारण किलो-सव्वा किलोचा, दोघातिघांचा. मेनूवर दिसणारी रक्कम कधी शंभर ग्रॅमची, कधी किलोची असते, ते पाहूनच हो म्हणा. आतून लालच येतं, पूर्ण शिजवून द्या म्हटलं तर बरेच स्वयंपाकी नकार देतात.

वाइनबद्दल एक गोंधळ आधी दूर करतो. अब्रुत्सोची ‘मोन्तेपुल्चानो’ नावाची जी वाइन दुकानात दिसते तिचा या गावाशी संबंध नाही, ते द्राक्षाच्या जातीचं नाव आहे. इथली वाइन ‘विनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो’. १९८० पासून तिला इटलीतला सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, आहे. तिच्यात किमान ७० टक्के सांजोवेझे द्राक्ष लागतं, इथे त्याला प्रुन्योलो जेंतिले म्हणतात. बाजारात येण्याआधी दोन वर्षं मुरवतात, ‘रिझेर्वा’ असेल तर तीन. ‘रोस्सो दी मोन्तेपुल्चानो’ ही तरुण, हलकी आणि स्वस्त. रोजच्या जेवणाला मी तीच घ्यायला सांगेन. सांजोवेझे आपल्याला अगदीच परकं नाही. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या ‘सेत्ते’मध्ये ते काबेर्ने सोविन्यों या दुसऱ्या द्राक्षाबरोबर असतं. आंबटपणा आणि घशाला सुकवणारा तुरटपणा ही त्याची ओळख. नुसती प्याली तर कडक वाटते, चीज किंवा तेलकट घासाबरोबर लगेच मऊ होते.

वाइनची तळघरं गावाच्या पोटातच आहेत. कोंतुच्चीचं प्यात्सा ग्रांदेवरच, पायऱ्या कमी, बाबांसाठी हेच. दे रिच्चीचं तळघर जास्त भव्य, उंच विटांच्या कमानी आणि माणसाहून मोठी लाकडी पिंपं, पण खूप खाली उतरावं लागतं आणि तेवढंच वर यावं लागतं. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही शाल घ्या. एका दिवसात दोनच तळघरं, प्रत्येकी तीन-चार घोट पुरे. क्रम रोस्सो, नोबिले, रिझेर्वा आणि शेवटी वाळवलेल्या द्राक्षांची गोड विन सांतो. गोड आधी घेतली तर पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. रिकाम्या पोटी जाऊ नका. टेबलावरचं भांडं थुंकण्यासाठीच असतं, वापरायला संकोच नको.

केव्हा जावं म्हणाल तर मे किंवा सप्टेंबर अखेर. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘ब्राव्यो देल्ले बोत्ती’ असतं. आठ मोहल्ल्यांचे गडी जोडीजोडीने ऐंशी किलोंची पिंपं चढावरून प्यात्सा ग्रांदेपर्यंत ढकलत नेतात. पाहण्यासारखं आहे, पण त्या दिवशी आईबाबांना घेऊन नको. गर्दी फार आणि कोर्सो बंद. जानेवारी-फेब्रुवारीत बरीच दुकानं-खानावळी बंद असतात.

बाटल्या आणायच्या असतील तर भारतात मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत करमाफी आहे, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन. भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची भरते. हातातल्या बॅगेतून सुरक्षा तपासणीत सोडतीलच असं नाही, चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवा. पेकोरिनो घेतलंत तर दुकानात ‘सोत्तोवुओतो’ सांगा, ते हवा काढून पिशवीत बंद करून देतात. नाहीतर रोमच्या हॉटेलातल्या फ्रिजलाही त्याचा वास लागेल.