खुब्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले, आईचं हाड जुळत नाही. ताप नाही, पू नाही. तरी आत इन्फेक्शन असू शकतं का? (निपाणी)

हो, असू शकतं. ताप नाही आणि जखम कोरडी आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. मी बेळगावात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, असे रुग्ण पाहते. काही सौम्य जंतू रॉड-स्क्रूवर चिकट थर करून दडतात. तिथे औषध नीट पोचत नाही आणि हाड जुळणं अडतं. सीआरपी, ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, पण ते नॉर्मल आले म्हणून इन्फेक्शन नाहीच असं ठरत नाही. खात्री होते ती आतल्या भागातले निदान पाच नमुने घेऊन, आणि कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं) 14 दिवसांपर्यंत ठेवायला सांगा, कारण हे जंतू सावकाश वाढतात. आधी अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते कल्चरमध्ये न उगवण्याची शक्यता असते, म्हणून कृपा करून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. मात्र दरवेळी कारण इन्फेक्शनच असतं असं नाही: सैल झालेला स्क्रू, मधुमेह, आणि आपल्या तंबाखूच्या पट्ट्यात बायकांची मिश्री. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो. आई लावत असतील तर आजच थांबवा. मिरजेला किंवा कोल्हापूरला दुसरं मत घ्यायला जाताना पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.