जुन्या इटालियन चित्रांत मेरीचा चेहरा हिरवट का दिसतो?

संतांच्या मधे बसलेली मेरी आणि मांडीवरचा बाळ येशू यांचे चेहरे हिरवे का, आणि ते मुद्दाम केलंय का, असं तुम्ही विचारलंय. हिरवा रंग मुद्दामच दिलेला असतो, पण तो इतका दिसावा असं चित्रकाराच्या मनात मुळीच नव्हतं.

इटलीत १५व्या शतकातली अशी बरीच चित्रं पॉपलरच्या फळीवर जिप्सम आणि सरसाचा लेप देऊन, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. बलकातला रंग बघता बघता वाळतो, तेलरंगासारखा फळीवर एकमेकांत मुरवता येत नाही. म्हणून त्वचेच्या जागी आधी हिरवी माती आणि शिशाचा सफेदा यांचे दोन हात द्यायचे. त्यावर सफेदा आणि हिंगूळ (लालभडक रंग) यांच्या तीन गुलाबी छटा, केसासारख्या बारीक रेघांनी. रेघांमधून हिरवा किंचित डोकावला की हनुवटीखालची सावली जिवंत होते. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४००च्या सुमारास ही सगळी कृती लिहून ठेवली आहे. तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचा फिकट बलक, म्हाताऱ्या किंवा सावळ्या माणसाला गावठी कोंबडीचा लालसर, इतक्या बारकाईने! म्हणजे मेरीशेजारच्या म्हाताऱ्या संताला अंडंसुद्धा वेगळं.

बिघडलं ते नंतर. मेणबत्त्यांची काजळी काढायला चित्रं क्षाराच्या पाण्याने घासली गेली, त्यात वरचा पातळ गुलाबी थर झिजला आणि खालची माती उघडी पडली. हिरवा फक्त सावलीत असेल तर चित्र धड आहे. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावरही असेल तर ते घासलं गेलंय. न झिजलेला हिरवा थर बघायचा तर लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं मायकेलअँजेलोचं अपुरं ‘मँचेस्टर मॅडोना’ बघा. डावीकडच्या दोन देवदूतांचं काम तिथेच थांबलंय.

करून बघणार असाल तर बलक कागदी रुमालावर लोळवून कोरडा करा, पडदा टोचून फक्त आतला भाग घ्या, त्यात चमचाभर पाणी घाला. पाण्यात वाटलेला रंग जेवढा, तेवढंच हे मिश्रण. बलक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तुकतुकीत होऊन तडकतो. कुंचला पिळून घ्या, ओला राहिला तर खालचा थर उचलून येतो. शिशाचा सफेदा विषारी, त्याऐवजी टिटॅनियम चालेल. पण अगदी थोडा, कारण तो हिरवी माती एका हातात झाकून टाकतो.