"पहिली आलेली मुलगी सहलीला जायचं नाही म्हणते, त्यात वाईट काय?"

"मॅडम, आम्ही तिला नाही म्हटलेलं नाही हं. तीच म्हणते अभ्यास बुडेल. आता यात समुपदेशन कसलं करायचं?" ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आलेल्या त्या आईचा सूर थोडा दुखावलेलाच होता. वर्गशिक्षिकेनं आग्रहच केला म्हणून त्या आल्या होत्या. मुलगी नववीत. शाळेनं यंदा मेरिट सेक्शन काढला, त्यात हिचं नाव पहिलं. डिसेंबरात शनिवारी वर्गाची शैक्षणिक सहल होती, ग्वाल्हेरजवळच्या जुन्या देवळांची: पडावली, बटेश्वर आणि मितावली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. रविवारी कोचिंगची टेस्ट.

हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला दर हिवाळ्यात भेटतात. बहुतेकांना माझ्याकडून एवढंच ऐकायचं असतं की एका दिवसानं काही बिघडत नाही. किंवा बिघडतं.

मुलीशी एकटीशी बोलले. (नाव-गाव सोडाच, ओळख पटेल असं सगळंच इथे बदललेलं आहे.) पहिल्या भेटीत मी चूक केली, सहल किती चांगली ते पटवत बसले. म्हटलं, गणित आवडतं ना, मग आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं शून्य पाहिलंस का? चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे कोरलेत, शून्यासकट, इसवी सन ८७६ चा लेख. तिनं मान हलवली, "पुस्तकात आहे." किल्ल्याच्या पायथ्याशी जन्म गेला, पण पाहिलेलं नाही. मला वाटलं, जमलं! कसलं जमतंय. ती विनम्रपणे म्हणाली, "बोर्ड झाल्यावर बघेन, मॅडम."

दुसऱ्या भेटीत अभ्यासाचं नावच काढलं नाही. विचारलं, मधल्या सुट्टीत डबा कुठे खातेस?

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "लायब्ररीच्या बाहेर. तिथे शांत असतं." आणि मग एकदम, "बसमध्ये दोन-दोनच्या सीट असतात ना. सगळ्यांच्या जोड्या ठरल्यात. माझ्या शेजारी मॅडम बसतील."

एवढंच होतं ते. आठवीपर्यंतच्या तिच्या दोन्ही मैत्रिणी जुन्या सेक्शनमध्ये राहिल्या. नव्या वर्गात ती पहिली म्हणून माहीत होती, पण तिची म्हणून कोणी नव्हती. तिघी-चौघी वही मागायला यायच्या, वही घेऊन जायच्या.

आपल्या घरांत "अभ्यास आहे" म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. लग्नाला न येणाऱ्या मुलालाही ते कारण चालतं. काही मुलं तर सहलीची फी घरात मागायची लाज वाटते म्हणूनही अभ्यास पुढे करतात. म्हणून हुशार मूल "वेळ नाही" म्हणालं की मी दोन गोष्टी विचारते, डबा कुणाबरोबर खातोस आणि पैशांचं काही आहे का.

आईला हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग मी त्या मुलींच्या आयांना फोन करू का?" नको, बाई! नववीतल्या मुलीला याहून मोठी शिक्षा नाही. आम्ही शाळेलाच एक विनंती केली. वर्गशिक्षिकेनं चिठ्ठ्या टाकून सगळ्याच वर्गाच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला एक काम दिलं. कुणी बटेश्वरला कोसळलेले दगड पुन्हा रचून देवळं कशी उभी केली ते लिहायचं, कुणी नकाशा काढायचा. हिच्या वाट्याला मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर आलं, गोल बांधणीचं. कोठड्या मोजायच्या आणि कच्चा आराखडा काढायचा. कोचिंगचं म्हणाल तर शनिवारचे तास तिनं गुरुवार-शुक्रवारात बसवले. तरी टेस्टमध्ये मार्क कमी पडले, ते लपवत नाही. वडिलांचा चेहरा आठवडाभर उतरलेला होता.

सहलीनंतरच्या बुधवारी ती आली. सीटबद्दल मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तिला निराळंच सांगायचं होतं.

"मॅडम, मी मोजल्या तर पासष्ट आल्या. ती म्हणे चौसष्ट, नावातच आहे. आम्ही भांडलो. परत मोजायला लागलो तर गोल आहे ना ते, कुठून सुरू केलं तेच आठवेना. मग तिनं तिची पाण्याची बाटली एका कोठडीसमोर ठेवली. म्हणाली, इथून."

"मग? कोणाचं बरोबर निघालं?"

"चाळीसपर्यंत आलो होतो. तेवढ्यात सरांनी शिट्टी मारली, बस निघाली." ती हसली. "बाटली तिथेच राहिली. ती म्हणते तुझ्यामुळे, मी म्हणते तुझ्यामुळे."