भुयारी रेल्वे की भूमिगत रेल्वे?

अमेरिकेत गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्यावरच्या एका मराठी लेखात त्यांना ‘भुयारी रेल्वेच्या कंडक्टर’ म्हटलंय, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आलाय.

‘भुयारी’ नको. भुयार म्हटलं की खणलेली वाट दिसते, आणि मुंबईकराला तर थेट मेट्रो. अमेरिकेत ‘अंडरग्राउंड रेलरोड’ हे मूळ नाव १८४०च्या सुमारास रुळलं, तेव्हा लंडनची जमिनीखालची रेल्वेही (१८६३) नव्हती. इथे ना भुयार होतं, ना रूळ. दक्षिणेतून निसटलेल्या गुलामांना घरोघरी लपवत उत्तरेला पोचवणारी ती माणसांची साखळी. पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याच्या १८५०च्या कायद्याने उत्तरेतही धरपकड होऊ लागली, तेव्हा पार कॅनडा गाठावा लागे.

‘भूमिगत’ मात्र चपखल. बेचाळीसमध्ये अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले म्हणजे जमिनीखाली जाऊन बसले नव्हते, हे आपल्याला सांगावं लागत नाही. शिवाय नगरपालिकेची भूमिगत गटार योजना आहेच! मूळ नावातले दोन्ही अर्थ या एका शब्दात आपसूक येतात.

कंडक्टरचं दुखणं वेगळं. आपला कंडक्टर एसटीतला, घंटीची दोरी ओढणारा, सुट्टे मागणारा. टबमनबाई १८४९मध्ये मेरीलँडहून निसटल्या आणि पुन्हा सुमारे १३ वेळा तिकडे जाऊन त्यांनी सत्तरेक माणसं बाहेर काढली. हे काम वाटाड्याचं. पण नुसतं ‘वाटाड्या’ लिहिलं तर रेल्वेची सगळी सांकेतिक बोली जाते: आसऱ्याचं घर ‘स्टेशन’, घरधनी ‘स्टेशनमास्तर’, माणसं ‘माल’. आपली गाडी कधी रुळावरून घसरली नाही, असं बाईंनीच म्हातारपणी सांगितलं होतं. म्हणून पहिल्यांदा ‘कंडक्टर, म्हणजे वाटाड्या’ आणि पुढे नुसतं ‘कंडक्टर’ लिहावं.

पॅसेंजरला, म्हणजे निसटणाऱ्या माणसांना, मात्र ‘प्रवासी’ नको, आपला जुना ‘उतारू’च हवा. उतरणं म्हणजे गाडीतून खाली येणं, तसंच कुणाकडे मुक्कामाला राहणंही. ‘पाहुणे आमच्याकडे उतरलेत’ म्हणतो ते. रात्री चालायचं आणि दिवसा कुणाकडे तरी उतरायचं, हाच या लोकांचा प्रवास. इंडियानात अशा उतारूंना आसरा देणाऱ्या लेव्ही कॉफिन यांच्या घरात माडीवर छपराच्या उताराखाली एक ठेंगणं दार आहे. उतारू आत शिरले की दारापुढे पलंग लोटायचा.