ग्रीन घराचं गोल्ड हुकलं, आता दंड किती?

सर, तुमचा मेल नीट वाचला. जुळे सोलापुरात 300 चौरस मीटरच्या प्लॉटवर घर बांधलंत, आर्किटेक्टच्या सांगण्यावरून आयजीबीसीचं (पर्यावरणपूरक इमारतींना रेटिंग देणारी संस्था) गोल्ड प्री-सर्टिफिकेट, म्हणजे बांधकामाआधीचं प्रमाणपत्र, काढून 5 टक्के जादा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) घेतलात, आणि आता भोगवट्याच्या, म्हणजे घर वापरायच्या दाखल्याच्या, वेळी कन्सल्टंट म्हणतोय की सिल्व्हरच बसतंय, कारण कॉन्ट्रॅक्टरनं एएसी ब्लॉक (हलके सिमेंटचे ब्लॉक) सोडून भट्टीच्या विटा वापरल्या, सोलर हीटर तर अजून लावलाच नाही. वर कुणीतरी तोंडी सांगितलं की सगळ्या जादा बांधकामावर दंड बसणार, पैसे तयार ठेवा. अजिबात घाई करू नका.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यासाठी जी यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली आली तिच्यात ही सवलत आहे. आयजीबीसी सिल्व्हर किंवा ग्रिहा (तसंच दुसरं ग्रीन रेटिंग) थ्री स्टारला बेसिक एफएसआयच्या 3 टक्के, गोल्ड किंवा फोर स्टारला 5, प्लॅटिनम किंवा फाइव्ह स्टारला 7. ग्रीन करायची सक्ती तुमच्यावर नव्हती, पण प्री-सर्टिफिकेट दाखवून जादा बांधकाम घेतलं की ते वचन होतं. अंतिम भोगवट्याच्या वेळी कबूल केलेलं रेटिंग नसेल तर न मिळालेल्या रेटिंगच्या जादा एफएसआयवर रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) जमीन दराच्या दुप्पट दंड.

सगळी मेख त्या ‘न मिळालेल्या रेटिंगच्या’ मध्ये आहे. तुमचा बेसिक एफएसआय 1.10, म्हणजे 330 चौरस मीटर. 5 टक्क्यांनी 16.5 मीटर मिळाले, सिल्व्हरला तसेही 9.9 मिळालेच असते, म्हणजे हुकलेत ते फक्त 6.6. समजा जमिनीचा दर मीटरला 8,000 आहे, तर दंड 1,05,600 रुपये होतो, आणि पूर्ण 16.5 वर लावला तर 2,64,000. खातं दुसरा अर्थ लावू शकतं हे खरंय, पण माझ्या मते फरकावरचाच दंड टिकेल, सिल्व्हर मिळवलेल्याला काहीच न मिळवलेल्याच्या रांगेत कसं बसवणार?

पण त्याआधी, नियमात वेळ अंतिम भोगवट्याची धरलीय आणि ती अजून गेलेली नाही. कन्सल्टंटकडून लेखी घ्या की गोल्डला किती पॉइंट कमी पडतात आणि कशानं भरून निघतील. विटा आता काढता येत नाहीत, सोलर हीटर, कमी पाण्याचे नळ, गच्चीचं पावसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडणं हे मात्र आजही होतं, आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही तिथं शेवटचं तसंही करायलाच पाहिजे. दंडापेक्षा हे स्वस्त पडलं तर वाद घालायचाच कशाला.

नाहीच जमलं तर तोंडी आकड्यावर एक रुपया भरू नका. हिशेबासकट लेखी मागणी मागा, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भोगवटा अडलाय म्हणून भरावंच लागलं तर चलनासोबत ‘हक्क राखून भरतोय’ असं पत्र देऊन पोच घ्या, नाहीतर उद्या म्हणतील तुम्हाला मान्यच होतं. पुढं हायकोर्टात रिट अर्ज करायची वेळ आली तर 18 ऑगस्ट 2025 पासून आपला जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं गेलाय, मुंबईच्या खेपा वाचल्या.

कॉन्ट्रॅक्टरला सोडू नका. करारात एएसी ब्लॉक लिहिले असतील तर दंड आणि वाढीव खर्च जिल्हा ग्राहक आयोगात त्याच्याकडून मागता येतो, मुदत दोन वर्षं. विटांचे फोटो, बिलं, त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आत्ताच वेगळे काढून ठेवा. तुमच्या मेलमध्ये तुम्ही लिहिलंय की ‘तो म्हणाला विटाच बऱ्या, मी हो म्हणालो’, हे तेवढं मला फोनवर नीट सांगा, कारण केस तिथंच लंगडी पडू शकते.

घरपट्टीतल्या सवलतीचं वेगळं आहे, ती एफएसआयशी जोडलेली नाही, महापालिकेच्या ठरावावर चालते. पुण्यात सोलर, गांडूळखत, रेनवॉटर यातलं एक असेल तर 5 टक्के आणि दोन असतील तर 10 मिळतात, पण पुण्याचा आकडा इथं चालत नाही, आपल्या घरपट्टी विभागाकडून चालू ठरावाची प्रत मागून घ्या.