डोकं माझं, मग हेल्मेटची सक्ती कशाला?

प्रश्न : ताई, मी नाशिकमध्ये सातपूरला कंपनीत आहे, रोज पाथर्डी फाट्याहून बाइकवर येतो-जातो. मागच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला उशीर झाला, गडबडीत हेल्मेट घरीच राहिलं आणि नेमकं त्याच दिवशी मोबाइलवर चलान आलं. दंडाचं काही नाही हो, भरला मी. पण मला हे कळत नाही की डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, यात सरकारचा काय संबंध? सिगरेट ओढली तर घरी येऊन कोणी दंड लावत नाही. सरकारने माणसाच्या खाजगी गोष्टीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, तुम्हाला काय वाटतं? — एक कामगार वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : दादा, दंड भरून मग भांडताय हे मला फार आवडलं, नाहीतर बरेच जण चौकात पोलीस दिसला की गल्लीतून गाडी काढतात आणि वर स्वातंत्र्यावर बोलतात.

तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. द्वारका चौकात तुम्ही सिग्नल तोडला तर मरणारा कदाचित दुसराच कोणी असतो, तिथे कायदा कशाला हा प्रश्नच येत नाही. हेल्मेटचं तसं नाही, तिथे पहिला धोका तुमच्याच डोक्याला, म्हणून ही सक्ती जास्त टोचते. आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटसक्तीविरुद्ध एक जण थेट सुप्रीम कोर्टात गेला होता, म्हणणं असं की यामुळे देशभर मोकळेपणी फिरण्याच्या माझ्या हक्कावर गदा येते. 1988 मध्ये कोर्टाने ते फेटाळलं, हेल्मेट घातल्याने कुठे जाणं काही अडत नाही, उलट जाणं सुरक्षित होतं असा एकूण निकाल. आज मोटार वाहन कायद्याचं कलम 129 गाडी चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागू आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद अशी शिक्षा आहे. पण हे झालं कोर्टाचं, तुमचा प्रश्न मनातून आलाय.

मी माझ्या मावसभावाचं सांगते. तोही हेच म्हणायचा, अगदी याच शब्दांत, माझं डोकं माझी जबाबदारी. एका रात्री औरंगाबाद रोडवर त्याची गाडी घसरली, समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, चूक म्हणाल तर त्याची एकट्याची. आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा तो बेशुद्ध होता आणि डॉक्टर वहिनीला कागदावर सही करा म्हणत होते, डोक्याचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, दहा मिनिटांत सांगा. जो माणूस स्वतःच्या डोक्याचा निर्णय दुसऱ्या कोणाला घेऊ देत नव्हता त्याच्या डोक्याचा निर्णय त्या रात्री बारावी शिकलेल्या, थरथरणाऱ्या एका बाईने घेतला. तो वाचला, पण आज बँकेचं पासबुकसुद्धा त्याला एकट्याला समजत नाही, सगळं वहिनी बघते, आणि पोरीचं कॉलेज एक वर्ष थांबलं ते वेगळंच. तेव्हापासून मला असं वाटतं की स्वातंत्र्य राहतं कुठे, तर त्या डोक्यातच राहतं. सिगरेट सोडायची तर माणसाला दहा-वीस वर्षं तरी मिळतात विचार बदलायला, रस्त्यावर एक सेकंदसुद्धा मिळत नाही, म्हणून ती तुलना मला पटत नाही.

आता सरकारच्या बाजूचं. 2021 ला 15 ऑगस्टपासून आपल्या शहरात ‘नो हेल्मेट नो पेट्रोल’ सुरू झालं होतं, आठवत असेल. हेतू चांगलाच होता, पण मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. दंड लावणं हे पोलिसांचं काम, ते पंपावरच्या आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या पोराच्या गळ्यात का टाकायचं, गिऱ्हाइकाच्या शिव्या त्याने का खायच्या? आणि मी स्वतः बघितलंय, रांगेत एकच हेल्मेट चार डोक्यांवर फिरायचं, पेट्रोल भरलं की मागच्याला द्यायचं. डोकं वाचायचं राहिलं बाजूला, नुसतं पेट्रोल मिळण्यापुरतं हेल्मेट. तिथे कायदा माणसाला समजावत नव्हता, नुसता अडवत होता. त्यामुळे सरकार काहीही करेल आणि आपण मान डोलवायची असं माझं म्हणणं अजिबात नाही. पावसाळ्यात अंबड लिंक रोडच्या खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा हेल्मेटचा दंड घेणाऱ्याला खड्ड्याचा जाब विचारायचा हक्क तुम्हाला आहेच, चलान भरलेल्या माणसाला तर जास्तच आहे. विचारा, लेखी विचारा, पोच घ्या.

फक्त ते शेवटचं वाक्य, सरकारने खाजगी गोष्टीत पडूच नये, ते नाशिकमध्ये राहून म्हणताना जरा पंचवटीत काळारामाच्या दारापर्यंत जाऊन या. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, तरी दार काही उघडलं नाही. दार अडवणारेसुद्धा हेच म्हणत होते की मंदिर आमचं, रीत आमची, बाहेरच्याने यात पडू नये. पुढे संविधानात कलम 17 आलं आणि अस्पृश्यता पाळणं हाच गुन्हा ठरला. कोणाची तरी मनमानी कायद्याने थांबवली तेव्हा कुठे लाखो माणसांना साधं देवळाची पायरी चढायचं स्वातंत्र्य मिळालं. कायदा आला की स्वातंत्र्य गेलंच असा हिशोब मला म्हणून जमत नाही, प्रत्येक वेळी बघावं लागतं की कोणाचं काय थांबतंय आणि कोणाला काय मिळतंय.

आणि हो, घ्याल ते हेल्मेट आयएसआय मार्कचंच घ्या, 1 जून 2021 पासून बाकीचं विकणंच बेकायदा आहे, आणि पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं.

प्रश्न : मुलगा सोळाचा आहे, अकरावीला. क्लास कॉलेज रोडला, आम्ही राहतो आडगावला. सगळी मुलं ॲक्टिव्हा नेतात. रिक्षाचा खर्च परवडत नाही, मी जबाबदारी घ्यायला तयार आहे, मग कायद्याला काय अडचण? — एक आई

उत्तर : ताई, जबाबदारी घ्यायला तयार आहात म्हणताय तर ती केवढी आहे ते आधी ऐका. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. मुलाने नुसती विनालायसन्स गाडी चालवली तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आणि समोरच्याचं पोर गेलं तर तुमच्या तयारीने त्या आईला काय मिळणार? खर्चाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. सिटी बसचा पास बघा, किंवा आडगावहून जाणाऱ्या तीन-चार मुलांची मिळून एक रिक्षा महिन्याची ठरवा. 250 वॉटपर्यंतची, ताशी 25 किमीच्या आत चालणारी बॅटरीची गाडी विनालायसन्स चालते, पण दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, मंजुरीचा कागद मागा, आणि त्यावरही हेल्मेट द्या त्याला.

प्रश्न : शेजारच्या मुलाकडे नायलॉन मांजा आहे, गच्चीवर बघितला मी. तक्रार केली तर संबंध बिघडतील. काय करू? — सिडकोतून एक काका

उत्तर : काका, इथे मला अजिबात दोन मतं नाहीत. हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे आणि तरी दर संक्रांतीला आपल्याकडे कोणाचा तरी गळा चिरतो, पक्षी तर मोजतच नाही कोणी. पतंग उडवायचं स्वातंत्र्य त्या पोराला आहेच, येवल्यात पिढ्यान्पिढ्या आसारीवर, म्हणजे तिथल्या फिरकीवर, सुती मांजा लावून उडवतातच ना. आधी पोलिसांकडे जाऊ नका, आज संध्याकाळी त्याच्या घरी जा, वडिलांसमोर शांतपणे बोला, सोबत साध्या मांजाची एक फिरकी घेऊन जा आणि बदल्यात त्याची नायलॉनची फिरकी मागा. नाही दिली तर 112 ला फोन करा, संबंध नंतर जुळवता येतात. आणि ताब्यात आली की तशीच घंटागाडीत टाकू नका, तो कुजत नाही, कचऱ्यातून पुन्हा झाडावर नाहीतर कोणाच्या पायात जातो, कात्रीने बारीक तुकडे करून पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.