'बालिता' म्हणजे आपली वार्ता का?

दुबईत फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ही मंडळी भेटली की 'आनोंग बालिता?' म्हणतात, म्हणजे 'काय बातमी?' त्यांच्या टीव्हीवरही बातम्यांना 'बालिता'च म्हणतात. हा आपल्या 'वार्ता'चा अवतार का?

नातं आहे, पण 'वार्ते'शी चुलत. सख्खं आहे ते 'वृत्ता'शी. काही जण 'बालिता' थेट 'वार्ते'पासून आणतात, मला मात्र 'वृत्त' जास्त पटतं. तागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्समधल्या या मुख्य भाषेत, संस्कृत शब्द बहुतेक मलायमार्गे आले आणि मलाय-इंडोनेशियनमध्ये या दोन्ही शब्दांची वेगवेगळी रूपं आजही नांदताहेत. 'वार्ता' तिथे 'वार्ता'च राहिली. इंडोनेशियात पत्रकाराला 'वार्तावान' म्हणतात. 'वृत्ता'चं झालं 'बरिता'. पुढे तागालोगमध्ये 'र'चा 'ल' झाला आणि 'बालिता' हाती आला.

हा 'ल' एकट्यादुकट्या शब्दात आलेला नाही. 'चरित' मलायमध्ये 'चरिता' म्हणजे गोष्ट, आणि तागालोगमध्ये 'सालिता' म्हणजे शब्द, बोलणं. 'र'चा 'ल' तर झालाच, शिवाय 'च'चा 'स' झाला. आता याच वाटेने मलायमधला 'बाचा' न्या: तागालोग 'बासा', अर्थ वाचणे. मूळ तेच, आपल्या 'वाचणे'मधलं 'वाच्'. मनिलातलं पोर पुस्तक उघडून जे करतं त्याला त्याच्या भाषेतही 'वाच्'च लागतं, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मलायचा माग काढायला भक्कम पुरावा आहे. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ मध्ये एक ताम्रपट सापडला. लिपी कावी, भाषा मुख्यतः जुनी मलाय, मजकूर सोन्याच्या कर्जातून एका कुटुंबाला मुक्त केल्याचा. त्याची सुरुवात वाचायला मराठी माणसाला दुभाष्या लागत नाही: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. आपल्या पंचांगातला शालिवाहन शक तो हाच. इसवी सनात ते वर्ष ९०० येतं. म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधी सहाशेहून अधिक वर्षं ही शब्दसंपदा तिथे कागदोपत्री, खरं तर तांब्यावर, वापरात होती.

त्या काळी बातमी कानोकानी जाई. वस्तीच्या प्रमुखाचा हुकूम गावभर ओरडून सांगणारा 'उमालोहोकान' असे, आपल्याकडच्या दवंडीवाल्यासारखा. छपाई मात्र स्पॅनिश मिशनऱ्यांनी आणली. १५९३ मध्ये मनिलात ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं जे पुस्तक छापलं गेलं, त्यात स्पॅनिशबरोबर तागालोगही होती, रोमनमध्ये आणि स्थानिक बायबायिन लिपीतही. ही बायबायिनही ब्राह्मीच्याच कुळातली. वर्तमानपत्रं १८११ पासून निघाली, तीही बराच काळ स्पॅनिशमध्येच, म्हणून रोजच्या बोलण्यात वर्तमानपत्र म्हणजे 'द्यार्यो', स्पॅनिश 'दियारियो'. मार्सेलो देल पिलार यांनी १८८२ मध्ये स्पॅनिश आणि तागालोग अशा दोन्ही भाषांत पत्र काढलं, तेव्हा त्याच्या नावातही हाच शब्द होता: 'दियारियोंग तागालोग'. 'राद्यो'ही तसाच. मोबाइलच्या संदेशाला सरळ इंग्रजी 'टेक्स्ट', आणि याच टेक्स्टवरून निरोप फिरवत जानेवारी २००१ मध्ये लोक मनिलाच्या एड्सा रस्त्यावर जमले आणि राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांना पायउतार व्हावं लागलं.

साधनांची नावं अशी परकी होत गेली, पण त्यांतून जे पोचतं ते 'बालिता'च राहिलं. वृत्तनिवेदक 'तागापागबालिता', ख्रिस्ती शुभवर्तमान 'माबुतिंग बालिता'. वर्तमानपत्राला घरचा शब्दही आहे, 'पाहायागान'. 'हायाग' म्हणजे उघड, 'पाहायाग' म्हणजे जाहीर निवेदन, आणि शेवटचा 'आन' स्थळ दाखवतो: जिथे गोष्टी उघड केल्या जातात ती जागा. लेखी भाषेत तो भेटतो, बोलताना 'द्यार्यो'च.

उच्चाराचं एक सांगतो. 'बालिता'तला जोर 'लि'वर द्या, आणि शेवटचा 'आ' लांबवू नका, घशातच तोडा.